नोकरी सांभाळून समकालीन नाटक शिकायचे असेल, तर सुरुवात कुठून करावी?

खाडीपलीकडची (ऐरोली)

नमस्कार. मी ऐरोलीत राहते आणि महापे येथील एका कंपनीत नोकरी करते. महाविद्यालयात असताना एकांकिका स्पर्धांत कामे केली, परंतु दिग्दर्शक सांगेल तिथे उभे राहायचे आणि सांगेल तेव्हा बोलायचे, याच्या पलीकडे माझा नाटकाशी संबंध आला नाही. आता मला नाटक आतून समजून घ्यायचे आहे. आजचे मराठी नाटक कसे लिहिले जाते, कसे बसवले जाते आणि तालमीच्या खोलीतून रंगमंचावर जाताना त्याचे काय काय होते, हे केवळ वाचून नव्हे, तर स्वतः करून शिकावे अशी इच्छा आहे.

लेखन, दिग्दर्शन आणि निर्मिती या तीन गोष्टी एकामागून एक शिकाव्यात की एकदमच, हे मला कळत नाही. विद्यापीठाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम करायचा, तर नोकरी सोडावी लागेल. तो निर्णय घेण्याआधी शनिवार-रविवारच्या वेळात काय साधू शकते, हे जाणून घ्यायचे आहे. सोसायटीच्या पुनर्विकासावर एका एकांकिकेचा खर्डा लिहून ठेवला आहे. तो कोणालाही दाखवलेला नाही.

पाठ्यवृत्ती

नमस्कार, खाडीपलीकडची. आधी अभ्यासक्रमांविषयी. आपल्या भागातून सर्वांत जवळचा पर्याय म्हणजे मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स. ती 2003 साली कालिना येथील विद्यानगरीत सुरू झाली आणि तेथे नाट्यकलेतील दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेता येते. पुण्याला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय 1959 पासून चालू असून तेथील शिक्षण तीन वर्षांचे आणि निवासी स्वरूपाचे आहे. हे सर्व शिक्षण पूर्णवेळ असते. दिवसा वर्ग आणि संध्याकाळी तालीम असा क्रम लागला, की नोकरीचा विचार मनातही आणता येत नाही.

मी स्वतः अशा एका विभागात शिकलो आहे. तेथे खरोखर मिळते ते हे की, आपल्याला न आवडणारे कामही करावे लागते. अभिनेता व्हायला आलेल्या मुलाला दुसऱ्याच्या प्रयोगासाठी नेपथ्याचे फ्लॅट (भिंतीसारख्या उभ्या चौकटी) रंगवावे लागतात, दिग्दर्शनाच्या विद्यार्थ्याला सहाध्यायाच्या नाटकात निरोप्याची भूमिका करावी लागते आणि लेखकाला आपली संहिता इतरांच्या तोंडून पहिल्यांदा वाचली जाताना गप्प बसावे लागते. या शेवटच्या गोष्टीची किंमत फार मोठी आहे. दुसरा फायदा परंपरेचा. नाट्यशास्त्र, लोकनाट्य, संगीत नाटक आणि पाश्चात्त्य रंगभूमी यांतून क्रमाने गेल्याशिवाय ‘समकालीन’ म्हणजे नेमके कशापासून वेगळे, हे सांगता येत नाही.

तरीही तुम्हाला मुख्यतः लिहायचे असेल, तर नोकरी सोडण्याची घाई करू नये. पूर्णवेळ शिक्षणाचा सर्वांत मोठा लाभ दिग्दर्शनाला होतो, कारण दिग्दर्शकाला माणसे लागतात, जागा लागते आणि चुकण्याची मुभा लागते. या तिन्ही गोष्टी विद्यापीठात फुकट मिळतात आणि बाहेर पैसे मोजूनही सहजासहजी मिळत नाहीत.

विंगेतून (ठाणे)

माझे मत थोडे उलटे आहे. तुम्ही सुरुवात निर्मितीच्या बाजूने करावी, लेखनाच्या नव्हे. कोणत्याही प्रायोगिक किंवा स्पर्धेच्या संघाला बॅकस्टेजला माणूस कमीच असतो. ठाण्याच्या गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृहात एखाद्या संघाबरोबर प्रॉपर्टी (प्रयोगात लागणाऱ्या वस्तू) सांभाळण्यासाठी उभे राहा, म्हणजे एक संध्याकाळ तुम्हाला पुष्कळ शिकवेल. कप टेबलावर असला पाहिजे असे लेखकाने एका ओळीत लिहिलेले असते. तो कप कोणी, कोणत्या विंगेतून (रंगमंचाच्या बाजूच्या आडोशातून) आणि कोणत्या काळोखात ठेवायचा, आणि नंतर तो कोण उचलणार, याचे उत्तर संहितेत नसते. त्या वेळी दिग्दर्शक तुमच्याकडे पाहतो. असे काही प्रयोग अंगावर घेतलेला माणूस लिहायला बसला, की दर दोन पानांनी स्थळ बदलत नाही.

एकांकिका स्पर्धांत नेपथ्य लावायला आणि काढायला ठरावीक मिनिटे मिळतात, हे तुम्हाला आठवत असेल. अभिनेत्याला ती वेळ जाणवत नाही, कारण तो तेव्हा रंगभूषा करत असतो. लेखकाने मात्र ती वेळ घड्याळ लावून पाहावी. दोन प्रवेशांमध्ये वीस सेकंदांचा काळोख केला, तर प्रेक्षागृहात लगेच खोकला सुरू होतो. लेखकाने ‘दुसऱ्या दिवशी सकाळी’ असे तीन शब्द लिहिले, की तो वीस सेकंदांचे कर्ज काढतो आणि ते फेडायचे असते बॅकस्टेजच्या मुलांनी.

प्रकाशयोजनेबद्दलही एक व्यवहाराची गोष्ट सांगतो, कारण शाळेच्या किंवा सोसायटीच्या सभागृहात प्रयोग करणारे संघ येथेच अडतात. भाड्याने येणारा जुना पार दिवा (रंगमंचावर झोत टाकणारा) बहुधा 1000 वॅटचा असतो. 15 ॲम्पिअरच्या साध्या सॉकेटमधून 230 व्होल्टला जेमतेम 3450 वॅट निघतात. म्हणजे एका सॉकेटवर असे तीनच दिवे लागतात, आणि चौथा लावला की भार मर्यादेबाहेर जातो आणि एमसीबी (जादा भाराला वीज तोडणारा स्विच) पडून सभागृह काळोखात जाऊ शकते. त्या सभागृहातले सगळे सॉकेट एकाच वायरवर असतील, तर तीनचा हिशेबही कोलमडतो. एलईडी दिव्यांनी ही अडचण बरीच कमी केली आहे, परंतु त्यांचा प्रकाश मंद करताना चेहऱ्यावरचा रंग बदलतो का, हे तालमीतच पाहून घ्यावे. चार दिव्यांत नाटक करायचे आहे हे आधीपासून माहीत असलेला दिग्दर्शक हालचाली वेगळ्या बसवतो.

आपल्या वाशीच्या नाट्यगृहाला ज्या विष्णुदास भावे यांचे नाव आहे, त्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ उभे केले, तेव्हा लेखक, दिग्दर्शक आणि निर्माता असे वेगळे मनुष्य नव्हते. पदे त्यांनीच रचली, नट त्यांनीच तयार केले आणि पात्रांची गद्य भाषणे मात्र बरीचशी नटांच्या उत्स्फूर्त बोलण्यावर सोडली. या तीन कामांच्या वाटण्या पुढे झाल्या. शिकणाऱ्याने त्या निदान सुरुवातीला तरी मानू नयेत.

तिसऱ्या अंकात (खारघर)

‘विंगेतून’ यांच्या म्हणण्यातला धोका सांगितला पाहिजे. निर्मितीच्या अडचणी आधी शिकलेला लेखक फार लवकर शहाणा होतो. तो दोन पात्रे, एक खोली, एक सोफा असेच लिहू लागतो, कारण तेवढेच परवडते. आज स्पर्धांतून दिसणाऱ्या कितीतरी एकांकिका अशाच सोयीच्या झाल्या आहेत, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

याच्या विरुद्ध उदाहरण घ्या. ‘घाशीराम कोतवाल’ 1972 साली पुण्यात प्रथम रंगमंचावर आले. त्यात ब्राह्मणांची रांग हाच पडदा आहे. ती रांग उभी राहते, पाठ फिरवते, उघडते आणि आपल्यामागे काय चालले आहे ते झाकते. विजय तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना यांतले कोणते कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते, हे त्या प्रयोगात दाखवता येत नाही. आधी खर्चाचा आणि माणसांच्या संख्येचा विचार करणाऱ्याला ते सुचलेच नसते. आणि पाहिले तर त्या माणसांच्या पडद्यापेक्षा स्वस्त नेपथ्य दुसरे नाही.

म्हणून आधी वाचावे, पण साहित्य म्हणून नव्हे. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त अंगणात कधीचा बंद पडलेला ट्रॅक्टर आहे. तो प्रेक्षकांना दाखवायचा की केवळ पात्रांच्या ठेचाळण्यातून कळू द्यायचा, याचा कागदावर आराखडा करून पाहा. जयंत पवारांचे ‘अधांतर’ हे 1982 च्या गिरणी संपानंतरच्या गिरणगावातल्या एका कुटुंबाचे नाटक आहे; त्यात खोलीबाहेरचा संप आणि टोळ्यांचे जग आतल्या माणसांच्या येण्याजाण्यातून कसे शिरते, ते प्रत्येक एंट्रीपुढे पेन्सिलीने लिहून काढा. एका नाटकाला एक महिना दिला तरी चालेल. छबिलदासच्या चळवळीबद्दलही वाचावे. 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने जे केले, त्याने लहान जागा ही उणीव नसून एक निराळी रचना आहे, हे मराठी नाटकाला दाखवले. नवी मुंबईत प्रायोगिक नाटकासाठी तशी जागा नाही, ही माझी जुनी तक्रार आहे, पण तो वेगळा विषय.

खाडीपलीकडची

सर्वांचे आभार. वाद वाचून हुरूप आला. धीर करून खर्ड्याची सुरुवात येथे देते. मोकळेपणाने सांगावे.

(दिवाणखाना. इमारत चाळीस वर्षे जुनी असल्याचे जाणवते. बाहेर पाऊस. मालतीबाई खिडकीत उभ्या आहेत. त्यांच्या मनात आठवणी दाटून आल्या आहेत. मोहन येतो. तो थकला आहे, पण त्याचा निर्णय झालेला आहे.)

मोहन : आई, संमतीपत्रावर सही केलीस?

मालतीबाई : नाही.

मोहन : सगळ्यांनी केली. आपल्यामुळे काम अडलंय.

मालतीबाई : तुझ्या वडिलांनी कष्टानं घेतलं हे घर. या भिंतींत त्यांचा घाम आहे.

मोहन : बाबा असते तर त्यांनीही सही केली असती!

यानंतर दुसरा प्रवेश गच्चीवर, तिसरा विकासकाच्या कार्यालयात आणि चौथा पुन्हा घरात आहे.

पाठ्यवृत्ती

संवाद बोलीतले आहेत आणि उगाच लांबलेले नाहीत, ही जमेची बाजू. आता अडचण पाहू. ‘आठवणी दाटून आल्या आहेत’ ही रंगसूचना अभिनेत्रीला करता येण्यासारखी नाही. ती फार तर डोळे बारीक करील, आणि ते पंधराव्या रांगेतून दिसणार नाही. ‘निर्णय झालेला आहे’ याचेही तेच. दोन्ही वाक्ये कथेत शोभतात. नाटकात लेखकाने पात्राला काहीतरी करायला द्यायचे असते.

दुसरे असे की, दोघेही मनातले सगळे बोलून टाकतात. घामाचे वाक्य तर प्रेक्षक मालतीबाईंच्या आधी म्हणतील. एक व्यावहारिक शंकाही आहे. पुनर्विकासाच्या ठरावाला आता सर्व सभासदांच्या सह्या लागत नाहीत, बहुमत पुरते. काम खऱ्या अर्थाने अडते ते कोणी घर रिकामे करत नाही तेव्हा. मग मोहनला नेमके काय हवे आहे, सही की किल्ली? किल्ली असेल, तर ती रंगमंचावर दिसणारी वस्तू आहे आणि तुमच्या नाटकाला एकदम वजन येते.

मी हा प्रवेश असा करून पाहिला असता. मालतीबाई जमिनीवर बसून मोजपट्टीने खोली मोजत आहेत. विकासकाच्या कागदावर चटई क्षेत्राचा जो आकडा आहे, तो त्यांना पटलेला नाही.

(मोहन येतो. हातात कागद आहेत.)

मालतीबाई : आलास? हे टोक धर.

मोहन : आई, आधी हे...

मालतीबाई : भिंतीला टेकव. पार टेकव. तिथं प्लास्टर सुटलंय, त्याच्या आत.

मोहन : त्यांचा आर्किटेक्ट येऊन मोजून गेलाय.

मालतीबाई : त्यानं कपाट हलवलं होतं?

आठवण, कष्ट, वडील यांतला एकही शब्द येथे नाही. कपाट वडिलांनी घेतले होते, हे पुढे कधीतरी सहज कळले तरी पुरे. मोहनच्या एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात पट्टीचे टोक आहे. कागद द्यायचा तर टोक सोडावे लागेल. त्याचा पेच त्याने बोलून दाखवण्याची गरज उरत नाही.

आता हेच दिग्दर्शक म्हणून पाहा. मोजपट्टी ताणली, की रंगमंचावर एक सरळ रेष तयार होते आणि दोन पात्रे तिच्या दोन टोकांना बांधली जातात. ती रेष प्रेक्षकांना समांतर ठेवली, तर दोघांचे चेहरे दिसतात पण चित्र सपाट होते. तिरकी ठेवली, मालतीबाई पुढे डावीकडे आणि मोहन मागे उजवीकडे, की चित्राला खोलपणा येतो आणि तो तिच्या पाठीमागे बोलतो. त्याने टोक सोडून पुढे यावे तो क्षण कोणता, हे ठरवणे म्हणजे या प्रवेशाचे दिग्दर्शन. रंगावृत्तीत (दिग्दर्शकाच्या तालमीच्या प्रतीत) त्या ओळीखाली रेघ मारून ठेवावी.

निर्मितीचा प्रश्नही त्याच वस्तूत आहे. शिंप्याची कापडी पट्टी घेतली, तर ती दुरून दिसत नाही आणि मध्ये लोंबते. पिवळी पोलादी टेप दिसते, ताठ राहते आणि सोडल्यावर सर्रकन आवाज करत डबीत परत जाते. तो आवाज कोणत्याही ध्वनियंत्रणेशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. मात्र ती परत येताना अभिनेत्रीचे बोट कापू शकते, म्हणून तालमीत पहिल्या दिवसापासून तीच टेप वापरावी. ऐनवेळी आणलेली प्रॉपर्टी हमखास दगा देते.

तिसऱ्या अंकात

हे उत्तम झाले, आणि माझ्या आक्षेपाला उत्तरही मिळाले. फक्त गच्चीचा प्रवेश काटकसर म्हणून काढून टाकू नये, एवढेच म्हणेन. इमारतीतल्या माणसांना एकत्र आणणारी ती एकच जागा आहे. घर न बदलता गच्ची कशी आणता येईल, यावर विचार व्हावा. वरून पावलांचे आवाज येऊ शकतात. टाकीचे पाणी भरून वाहू लागले, की सगळी इमारत एकदम ओरडते, हे कोणत्याही जुन्या सोसायटीत राहिलेल्याला माहीत आहे.

खाडीपलीकडची

मोजपट्टीचा प्रवेश वाचून मी काल रात्रीच घरात टेप काढून पाहिली. मोहनला किल्ली हवी असणार, हे आता मलाही पटते. विकासकाचे कार्यालय पूर्ण काढते आहे. एक शेवटचे विचारते. पुढचा खर्डा झाल्यावर कार्यालयातले चार-पाच जण वाचनाला तयार आहेत, पण त्यांतले दोघेच पूर्वी रंगमंचावर उभे राहिले आहेत. त्यांना घेऊन पहिला प्रयोग करायचा, तर तो कुठे आणि कसा करावा? थेट स्पर्धेत उतरावे का?

विंगेतून

लगेच स्पर्धेत उतरू नये. राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून आणि पुरुषोत्तम करंडक 1963 पासून चालू आहे; अशा स्पर्धांनी मराठी नाटकाला माणसे पुरवली हे खरेच, परंतु शिकणाऱ्याची नजर निकालाकडे गेली की तो परीक्षकांना काय आवडेल ते बसवू लागतो.

आधी वाचन करा आणि वाचनात तुम्ही स्वतः कोणतीही भूमिका घेऊ नका. रंगसूचना तिसऱ्याच माणसाला वाचायला सांगा. कुठे वाचणारा अडखळतो आणि कुठे ऐकणारे मोबाइलकडे पाहतात, एवढ्याच खुणा तुमच्या प्रतीवर करा. त्यानंतर महिनाभर शनिवार-रविवार तालीम. सोसायटीच्या हॉलमध्ये खांब असतात, म्हणून प्रयोग जिथे होणार त्या जागेची लांबी-रुंदी आधी मोजून आणा आणि तेवढाच चौकोन जमिनीवर चिकटपट्टीने आखून त्यातच हालचाली बसवा. नवख्या अभिनेत्यांना ‘असे बोल’ म्हणून स्वतः बोलून दाखवू नका. टेप, कागद, किल्ली या वस्तूंशी त्यांना काम करू द्या. हात गुंतले, की आवाज आपोआप खाली येतो.

पहिला प्रयोग त्याच हॉलमध्ये, ओळखीच्या चाळीस-पन्नास प्रेक्षकांसमोर, खुर्च्या तीन बाजूंना मांडून आणि हॉलच्याच ट्यूबलाइटमध्ये करावा. दिवे आणि काळोख यांच्यावाचून जे उभे राहते, ते पुढे दिव्यांत अधिक चांगले दिसते. तिकीट लावून किंवा स्पर्धेत करायचे ठरले, की मग शासनाच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संहितेचे प्रमाणपत्र घ्यावे लागेल. त्याला वेळ लागतो, म्हणून तारीख ठरण्याची वाट न पाहता संहिता पक्की होताच अर्ज करावा, आणि मंजूर झालेली प्रत हीच अंतिम प्रत मानावी. त्यानंतरच घाणेकर नाट्यगृहातल्या लहान सभागृहाची चौकशी करा. तेथे चौकशीला जाताना विंगेची रुंदी, पडद्यामागच्या जागेची खोली आणि सामान चढवण्याचा दरवाजा या तीन गोष्टी स्वतः पाहून या. तुमचे कपाट त्या दरवाजातून आत जाते का, हे टेप बरोबर असेलच, तर तेव्हाच मोजून घ्या.